काचेवरचं नाव

विजया घाडी गल्लीत शिरली की आधी तिच्या चपलेचा आवाज यायचा आणि मग काहीतरी पालथं पडल्याचा. नारळाची करवंटी, रंगाचा रिकामा डबा, कुणाच्या दारातलं फुटकं घमेलं. ज्यात पाणी साठलेलं दिसेल ते ती चपलेच्या टोकाने उलटं करायची. वाकायची नाही, थांबायची नाही. समोरच्या बाईला तिच्या सासूची तब्येत विचारता विचारता तिचा उजवा पाय आपलं काम करून मोकळा व्हायचा. तिची उजवी चप्पल नेहमी डावीच्या आधी झिजायची.

आमची वस्ती घाटकोपरच्या डोंगरावर. विजया आरोग्य केंद्राची बाई. घरोघर जाऊन ताप कुणाला आहे विचारायचं, बोट टोचून काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, पट्टी तपासायला पाठवायची, मलेरिया निघाला तर गोळ्या द्यायच्या आणि पाण्याची पिंपं बघायची, हे तिचं काम. बारा वर्षं तिने ते केलं. मग ते सुटलं. माझ्यामुळे सुटलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी सांगताना पळवाट शोधायला नको.

पहिल्यांदा आली तेव्हा मी भाकऱ्या थापत होते. खाली बाजारातल्या खानावळीला मी तेव्हा रोज भाकऱ्या करून द्यायचे.

"पिंप बघायचं आहे," ती म्हणाली.

"बघ आणि जा. ओतलंस तर याद राख."

डोंगरावर पाणी सकाळी अर्धा तास येतं, तेही आलं तर. तिच्या आधी जे लोक यायचे ते पिंपात अळ्या दिसल्या की पिंप सरळ आडवं करायचे. त्यांचंही बरोबर असेल. पण दिवसभराचं पाणी गटारात गेल्यावर त्या घरात काय होतं ते बघायला कुणी थांबत नसे. म्हणून आम्ही बायका पिंपं लपवायचो. कुणी गोधड्यांखाली, कुणी मोरीच्या कोपऱ्यात. एकीने तर पिंपावर फळी टाकून देव मांडले होते.

विजयाने झाकण उचलून बॅटरी मारली. माझ्या फळीवरचा स्टीलचा पेला घेतला, पिंपात बुडवला आणि माझ्या परातीशेजारी ठेवला.

"पी," म्हणाली.

पेल्यात अळ्या वळवळत होत्या.

"पी ना गो वहिनी. तुझ्याच घरचं पाणी. एवढं लपवून ठेवलंस म्हणजे चांगलंच असणार."

मी तिला दोन शिव्या घातल्या. तिने त्या ऐकून घेतल्या, पदर खोचला आणि माझी एक जुनी साडी मागितली. साडीची चौपदरी घडी केली, बादलीच्या तोंडाला बांधली आणि सगळं पाणी त्यातून गाळून काढलं. शेजारणीच्या बादल्याही आणवल्या. मग रिकामं पिंप आतून काथ्याने घासलं, पाण्याची रेघ असते तिथे जास्त.

"अंडी या रेघेला चिकटतात. नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत. घासावं लागतं."

गाळलेलं पाणी परत पिंपात भरलं. एक तांब्या सांडला नाही. झाकणाखाली फडकं बांधलं आणि म्हणाली, "दर शुक्रवारी घासायचं. मी बघायला येणार."

आली. बारा वर्षं दर शुक्रवारी आली. तिला पिंप ओतायला सांगितलेलं असायचं, पण ती गाळून द्यायची. एका घराला पाच मिनिटं पुरायची तिथे तिला अर्धा तास लागायचा. महिन्याभरात वस्तीतल्या बायकांनी पिंपं बाहेर काढली. देवही परत देव्हाऱ्यात गेले.

शुक्रवारी ती माझ्याकडे भाकरी खायची. उंबऱ्यावर बसून, भाकरी हातात घेऊन, वर लसणीची चटणी किंवा सुकट. ताट घ्यायची नाही. "ताट घेतलं की माणूस पाहुणा होतो, मग लवकर उठता येत नाही," म्हणायची. ती मालवणकडची, मी देवगडची, त्यामुळे माझं सुकट तिला चालायचं आणि तिचं बोलणं मला. खाली एका चाळीत भावाकडे राहायची. नवरा लवकर गेला होता. याहून जास्त मला ठाऊक नाही. तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

ती कुणाला घाबरवायची नाही, पण कुणाची कीवही करायची नाही. गोळ्यांचं तिचं एक शास्त्र होतं. एका जातीच्या मलेरियाला चौदा दिवस गोळ्या घ्याव्या लागतात आणि ताप उतरतो तिसऱ्या दिवशी. चौथ्या दिवसापासून माणूस गोळ्या फेकायला लागतो. म्हणून ती स्वतःसमोर गिळायला लावायची. "तोंड उघड. जीभ वर." आमच्या गल्लीतला बाबल्या रिक्षा चालवतो. त्याने गोळी गालात धरून ठेवली आणि ती गेल्यावर थुंकली. ते तिला कसं कळलं देव जाणे. नवव्या दिवशी ती स्टँडवर जाऊन त्याच्या रिक्षात बसली.

"कुठे जायचं?" त्याने मागे न बघता विचारलं.

"तुझ्या घशापर्यंत," ती म्हणाली आणि पाण्याची बाटली पुढे केली.

सगळा स्टँड हसला. पुढचे पाच दिवस बाबल्या स्वतःच आपल्या दारात तोंड उघडून उभा राहायचा. चौदा दिवस पुरे झाल्यावर म्हणाला, "बाई, आता तोंडाला सवय लागली. कुणीही आलं की उघडतं."

तिची आणखी एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. बोट टोचायच्या आधी ती काचेच्या पट्टीवर पेन्सिलीने नाव लिहायची आणि मोठ्याने वाचायची. "शकुंतला बाळा तावडे. बरोबर?" समोरच्याने हो म्हटलं की मगच सुई. "नाव आधी, सुई मागून," म्हणायची. पहिला थेंब पुसून टाकायची, दुसरा घ्यायची. लोकांना वाटायचं, नाव काय, कुणीही लिहील. पण ती म्हणायची, काचेवर सगळ्यांचं रक्त सारखंच लाल दिसतं, माणूस कळतो तो नावावरूनच.

एकदा आमच्या समोरच्या घरातल्या शकूचं लेकरू तापलं होतं. वर्षभराचं असेल. सुई बघून ते असं रडायला लागलं की शकूच्याच डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "घाडीबाई, माझं बोट घ्या ना त्याच्याऐवजी. नाव त्याचं लिहा. कोण बघतंय."

विजया म्हणाली, "मग गोळ्या पण तूच घे. आणि बरा तो होईल?"

मी माझ्या दारातून बघत होते. मी मोठ्याने हसले. शकूला म्हटलंसुद्धा, "अगं येडे, तुझ्या रक्तात त्याचा ताप कसा दिसेल?" विजयाने ते मूल खांद्यावर टाकलं, गल्लीत फेऱ्या मारल्या, ते झोपलं तेव्हा त्याच्या पायाचा अंगठा टोचला. ते नुसतं कण्हलं आणि पुन्हा झोपलं.

हे मी का सांगते? मी चौथी शिकले, मला काय कळतं, असं म्हणायची सोय मला नाही म्हणून.

माझा मुलगा सुनील एका कंपनीच्या गेटवर रखवालीला होता, रात्रपाळीला. त्या वर्षी श्रावणात त्याला ताप आला. सून बाळंतपणाला माहेरी गेली होती. वरच्या गल्लीतली एक बाई नुकतीच मलेरियाने गेली होती, त्यामुळे वस्तीतल्या प्रत्येक तापाची पट्टी गेलीच पाहिजे असा केंद्रावरून हुकूम होता. विजया सुनीलसाठी पहिल्यांदा आली तेव्हा तो कामावर होता. दुसऱ्यांदा आली तेव्हा झोपला होता. तिने हाक मारली तर तो उठून तिच्या अंगावर ओरडला. तसा तो एवढा मोठा माणूस सुईला घाबरायचा, लहानपणापासून. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी दारातच आडवी उभी राहिले.

"झोपलाय. उठवू नको. रात्री कामावर गेला नाही तर तो कंत्राटदार दुसरा माणूस उभा करील."

"दोन मिनिटं लागतात गो वहिनी."

"परवा पण दोन मिनिटंच होती. तासभर बडबडत होता मग."

"बरं, उद्या येते."

"रोज रोज येऊन डोकं खाऊ नको. घे माझं बोट आणि मिटव एकदाचं. माझ्याच पोटचा आहे, रक्त काय वेगळं असणार?"

ती हसली. तिला वाटलं मी मस्करी करते. मी मस्करी करत नव्हते. खानावळीचा माणूस भाकऱ्यांसाठी खाली खोळंबला होता, परातीत पीठ तसंच पडलं होतं आणि मला ती दारातून जायला हवी होती.

"तसं नाही करत मी," ती म्हणाली. "तुला ठाऊक आहे."

तेव्हा मी जे बोलले ते लिहायला हात जड होतो, पण लिहिते. मी म्हटलं, "बारा वर्षं माझ्या दारात बसून माझी भाकरी खातेस. एवढं नाही करता येत?"

ती उंबऱ्यावर बसली, जिथे नेहमी बसायची तिथेच. पिशवीतून पट्टी काढली, पेन्सिलीने त्यावर सुनीलचं नाव लिहिलं. मोठ्याने वाचलं नाही. माझं बोट धरलं. पिठाचा हात, तो तिने कापसाने पुसला. टोचलं. पहिला थेंब पुसला, दुसरा घेतला. एवढी शिस्त तेव्हाही मोडली नाही तिने. उठताना म्हणाली, "उद्या त्याचं घ्यायला येते. ही पट्टी आजच्यापुरती."

दुसऱ्या दिवशी आली. मी म्हटलं, ताप उतरला, बाहेर गेलाय. ताप उतरला होता हे खरं. बाहेर गेला नव्हता. आत भिंतीकडे तोंड करून झोपला होता. ती माझ्या खांद्यावरून आत बघायला लागली तर मी दार ओढून घेतलं.

तिसऱ्या दिवशी केंद्रातून कागद आला. मलेरिया नाही. तो कागद मी फाडून टाकायला हवा होता. तो कुणाच्या रक्ताचा आहे हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण ताप पुन्हा भरला होता, सुनील डोंगराच्या पायथ्याच्या डॉक्टरकडे निघाला होता, आणि मी तो कागद त्याच्या खिशात घातला. वर म्हटलं, "रक्त तपासलंय म्हणून सांग, म्हणजे उगाच परत काढायला नको." त्याने विचारलं, "कधी तपासलं?" मी म्हटलं, "तू झोपेत होतास." डॉक्टरने कागद बघितला, मलेरिया नाही म्हणाला आणि दुसरी औषधं दिली.

चार दिवसांनी सुनील बरळायला लागला. मला ओळखेना. खुर्चीला बांधून चौघांनी पायऱ्यांवरून खाली नेला. इस्पितळात कळलं की मलेरिया डोक्यात गेलाय. अकरा दिवस तो तिथे होता. वाचला. त्याचा डावा हात अजून थरथरतो. चहाचा कप तो उजव्या हातानेच धरतो.

तो इस्पितळात असतानाच केंद्रावर चौकशी झाली. डॉक्टर मॅडमनी जुनी पट्टी काढून परत बघितली. त्यात काही नव्हतं. स्वच्छ. माझा दीर आणि गल्लीतले चारपाच पुरुष तावातावाने आले होते. मी बाकावर बसले होते. विजया समोर उभी होती, हातात ती कापडी पिशवी.

मॅडमनी मला विचारलं, "आजी, तुमच्यासमोर घेतलं ना रक्त मुलाचं?"

मी म्हटलं, "मी भाकऱ्या थापत होते. मला काय ठाऊक."

विजयाने माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. कुणी हाक मारली की वळून बघावं तेवढंच. मग मॅडमना म्हणाली, "ते रक्त त्याचं नाही. तो उठला नाही म्हणून मी माझंच बोट टोचलं."

माझा दीर तिच्या अंगावर धावला. मॅडमनी त्याला आवरलं. मी बाकावरून उठले नाही. माझं ते बोट पदरात गुंडाळलेलं होतं, जसं काही त्याच्यावर लिहिलेलं होतं.

तिला काढलं. गल्लीत मग सगळे बोलायला लागले. कुणी म्हणालं, बारा वर्षं घरी बसून पट्ट्या भरायची. बाबल्या नळावर म्हणाला, "म्हणजे वस्तीच्या नावाने बाई एकटीच रक्त देत होती." लोक हसले. मी हसले नाही. पण बोललेही नाही, आणि हंडा भरून घरी आले. इस्पितळातून आल्यावर सुनीलने तर तिच्या नावाने जे सुरू केलं ते थांबलंच नाही. हात थरथरला की शिवी, कप सांडला की शिवी. आणि ती प्रत्येक शिवी मी ऐकायचे, कारण ती माझी होती.

तिच्या जागी दुसरी आली. ती गल्लीच्या तोंडाशी उभी राहून विचारायची, "ताप कुणाला?" आम्ही घरातून नाही म्हणायचो. मग पिंपंही पुन्हा गोधड्यांखाली गेली. शकूच्या घरी त्याच वर्षी दोघांना डेंग्यू झाला.

मी मात्र शुक्रवारी पिंप घासायचे. रेघेला जास्त.

परवा, म्हणजे या गणपतीच्या आधी, मी दहिसरला भाचीच्या मुलाच्या बारशाला गेले होते. परत येताना नदीवरच्या पुलाजवळ बस थांब्यावर बसले होते. शेजारी एक बाई येऊन बसली. आधी चपलांकडेच नजर गेली. उजवी झिजलेली नव्हती, दोन्ही सारख्या होत्या. तरी ओळखली.

"विजया."

तिने वळून बघितलं. "तू होय," म्हणाली. "गुडघे कसे आहेत?"

पाच वर्षांनी पहिलं हेच विचारलं तिने. ती समोरच्या टॉवरमध्ये दोन घरांत जेवण करते. भाऊ दहिसरला आला, तीही आली. मी विचारलं, त्या घरांत पिंपं आहेत का. ती म्हणाली, "पाणी चोवीस तास. पिंप कशाला हवं त्यांना."

मग मला राहवेना. म्हटलं, "माझं नाव का नाही घेतलंस तेव्हा?"

"नाव घेऊन काय झालं असतं? काचेवर नाव मी लिहिलं. तू लिहिलंस?"

"पण मी भरीला घातलं."

"घातलंस. पण मी नाही म्हणायला हवं होतं. शकूला म्हटलं होतं ना." ती रस्त्याकडे बघत होती. "तुझी भाकरी मध्ये आली."

मी म्हटलं, "मी तिथे खोटं बोलले. तेव्हाच खरं सांगायला हवं होतं."

"सांगायला हवंच होतं. मी वाट बघितली त्याची. त्या दिवशी, मग दुसऱ्या दिवशी, मग महिनाभर." तिचा आवाज चढला नाही. "आता मला सांगून काय उपयोग गो? मला ठाऊकच आहे. ज्याला ठाऊक नाही त्याला सांग."

मी घरी आल्यावर सुनीलला सांगितलं. तो जेवत होता. मी ताटासमोर बसले आणि बोट, कागद, केंद्र, दीर, सगळं ओळीने सांगितलं. तो घास हातात धरून ऐकत राहिला. मग घास ताटात ठेवला. म्हणाला, "मी त्या बाईला काय काय बोललो, आई." एवढंच बोलला. हात धुऊन बाहेर गेला. माझ्याशी तो आता कामापुरतं बोलतो. ते बरोबर आहे. नळावर बायकांनाही सांगितलं. शकू म्हणाली, "म्हणजे तेव्हा मला येडी म्हणणारी तूच ना?" मी म्हटलं, मीच. बाबल्या ऐकून घेऊन तोंड फिरवून गेला. त्याचं तोंड तेव्हा उघडलं नाही. सुनील आता दहिसरला जायचं म्हणतोय. जाईल. मला चल म्हणालेला नाही.

पण माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही ते त्या थांब्यावरचं. तिची बस येईना, म्हणून ती म्हणाली, चालतच जाते. उठली. थांब्याच्या पुढे शहाळेवाला बसतो. त्याने फोडलेल्या शहाळ्यांचा ढीग फुटपाथवर पडला होता आणि एक करवंटी बाजूला, तोंड वर करून. आदल्या रात्रीच्या पावसाचं पाणी होतं त्यात. विजया तिच्याजवळ पोचली. तिने ती बघितली, हे मी पैजेवर सांगते. उजवा पाय जरासा उचलला गेला. मग तिने तो पुढे टाकला आणि करवंटी तशीच सोडून ती निघून गेली. कोपऱ्यावर वळेपर्यंत मी बघत होते. तिने मागे बघितलं नाही.

मी उठून तिथपर्यंत गेले. गुडघ्यामुळे मला वेळ लागला. पाण्यात अळ्या होत्या. माझी बस आली आणि गेली, शहाळेवाला माझ्याकडे बघत राहिला, आणि मी माझ्या चपलेच्या टोकाने ती करवंटी उलटायला बघत होते. मला ते पहिल्या झटक्यात जमलं नाही.